पाचशेतली एक

नव्या एलपीच्या प्लास्टिक वेष्टनावर एक स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर ‘मर्यादित आवृत्ती’ असं छापलेलं, खाली रंगाचं एखादं भारी नाव आणि प्रतींचा आकडा: ५००, १०००, कधी ५०००. दुकानदार फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘दोनच आल्यात, लवकर सांगा.’ खान्देशातल्या शिंदखेड्यात राहणाऱ्याला हा निर्णय बहुतेक वेळा मोबाइलवरच घ्यावा लागतो. रेकॉर्डचं दुकान मुंबईत, गाडी सुरतमार्गे रात्रभराची, आणि आयात एलपीची किंमत अडीच हजारांपासून पाच हजारांपर्यंत सहज जाते. तेवढ्यात युरियाच्या किती गोण्या आल्या असत्या, हा हिशेब घरात कोणीतरी ऐकवतंच. म्हणून स्टिकरवरचं काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आधी ठाऊक असलेलं बरं.

आधी रेकॉर्ड बनते कशी ते पाहू, कारण आकड्याचा अर्थ तिथेच कळतो. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा चकचकीत थर दिलेला असतो. कटिंग लेथची सुई त्या थरात गाण्याची खाच कोरत जाते. कोरलेल्या चकतीवर चांदीचा अगदी पातळ थर आणि त्यावर निकेलचा जाड थर चढवतात. निकेल सोलून काढलं की उलटा साचा मिळतो, खाचेच्या जागी उंचवटा असलेला. धंद्यातले लोक त्याला ‘फादर’ म्हणतात. फादरवरून ‘मदर’ आणि मदरवरून ‘स्टँपर’ तयार होतो. दोन स्टँपर प्रेसमध्ये समोरासमोर बसवतात, मध्ये तापवून मऊ केलेला पीव्हीसीचा गोळा ठेवतात, दाबतात, थंड करतात, कडेचं वाढलेलं प्लास्टिक कापतात. एका स्टँपरमधून साधारण हजारभर प्रती चांगल्या निघतात. तो झिजला तरी मदर शाबूत असते, तिच्यावरून दुसरा करता येतो.

म्हणजे पाचशेवर थांबायला यंत्राची काही सक्ती नाही. सक्ती असलीच तर हिशेबाची असते. खाच कोरण्याचा, निकेल चढवण्याचा आणि साचे बसवण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, जवळजवळ तेवढाच हजार प्रतींना. फार थोड्या प्रती काढल्या तर एकेका प्रतीची किंमत परवडत नाही, फार जास्त काढल्या तर गठ्ठे गोदामात पडून राहतात. छोट्या रेकॉर्ड कंपनीला तीनशे-पाचशे हा आकडा झेपतो. तिच्या स्टिकरवरचं ‘५००’ म्हणजे बहुधा सरळ कबुली असते, की यापेक्षा जास्त खपतील असं आम्हाला वाटत नाही. अशी रेकॉर्ड संपली तर खरंच संपते, आणि पुन्हा निघेलच याची खात्री नसते. तुमच्या आवडीचं संगीत असेल तर इथे घाई करायला हरकत नाही.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्या एकच अल्बम आठ-दहा रंगांत काढतात आणि प्रत्येक रंगाला ‘मर्यादित’ म्हणतात. टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ २०२२ मध्ये चार मुखपृष्ठांसह निघाला, आणि चारही आवृत्त्यांच्या मागच्या बाजू एकमेकींना जोडल्या की घड्याळ तयार होत होतं. कल्पना गमतीची आहे, पण घड्याळ पुरं करायला गाणी चारदा विकत घ्यावी लागतात. अशा वेळी मर्यादा रंगाला असते, संगीताला नसते. काळी साधी प्रत पुढच्या महिन्यातही मिळेल आणि स्वस्त मिळेल.

खुद्द बनवण्याच्या पद्धतीमुळे प्रती मर्यादित राहाव्यात असा एक प्रकार मात्र आहे. त्याला ‘वन-स्टेप’ म्हणतात. यात फादर आणि मदर या पायऱ्या गाळून लॅकरवरून थेट स्टँपर करतात. मधले दोन ठसे टळल्याने आवाज अधिक नितळ राहतो, असा त्यामागचा दावा. पण तो स्टँपर झिजला की नवा करायला मदरच नसते. पुन्हा लॅकर कोरावं लागतं, म्हणजे पुन्हा ध्वनिमुद्रणाची मूळ टेप वाजवावी लागते. याच हिशेबावरून अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीचं बिंग फुटलं. तिने २०२२ मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ची वन-स्टेप आवृत्ती ४०,००० प्रतींची जाहीर केली. जाणकारांनी गणित मांडलं: एका लॅकरमागे हजार प्रती धरल्या, तरी मूळ टेप चाळीस वेळा वाजवावी लागणार. इतकी मौल्यवान टेप कोण इतक्यांदा झिजू देईल? त्याच वर्षी जुलैत फिनिक्स शहरातल्या ‘द इन ग्रूव्ह’ या स्वतंत्र दुकानाचे मालक माइक एस्पोझिटो यांनी जाहीरपणे सांगितलं, की कंपनी मूळ टेपवरून आधी डिजिटल प्रत करते आणि त्या प्रतीवरून लॅकर कोरते. कंपनीला ते मान्य करावं लागलं, आणि ग्राहकांचा दावा पुढे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. माझ्या मते डिजिटल टप्पा हा गुन्हा नाही. त्या कंपनीच्या रेकॉर्डी ऐकून वर्षानुवर्षं वाहवा करणाऱ्यांच्या कानांनाही तो कळला नव्हता. गुन्हा होता तो न सांगण्याचा. म्हणून घेणाऱ्याने पहिला प्रश्न ‘किती प्रती?’ हा न विचारता ‘कशावरून कोरली?’ हा विचारावा. चांगली कंपनी मूळ टेप, डिजिटल हस्तांतर, कटिंग करणाऱ्याचं नाव असं सगळं वेष्टनावर छापते. जिथे फक्त ‘रीमास्टर्ड’ आणि ‘१८० ग्रॅम’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथे सांगण्यासारखं फार काही नसावं.

त्या १८० ग्रॅमबद्दल थोडक्यात. नेहमीची एलपी १२० ते १४० ग्रॅमची असते. जाड तबकडी हाताला भरीव लागते आणि वाकायला थोडा जास्त वेळ घेते. खाच तेवढीच खोल असते, तेव्हा आवाजासाठी जादा पैसे देऊ नयेत. रंगाचंही तसंच. पीव्हीसीला स्वतःचा काळा रंग नसतो, तो त्यात कार्बन मिसळून येतो. आजकालच्या चांगल्या कारखान्यातली एकरंगी लाल-निळी रेकॉर्ड काळीच्या तोडीस तोड वाजते. दोन-तीन रंगांचे शिंतोडे उडवलेल्या किंवा अंधारात चमकणाऱ्या तबकडीत खरखर येण्याची शक्यता जास्त. चित्र छापलेली ‘पिक्चर डिस्क’ तर भिंतीवर टांगण्यासाठीच घ्यावी. तिच्यात चित्राचा कागद मध्ये आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, खाच त्या पापुद्र्यात दाबलेली असते, आणि शांत आलापात तिची खरखर लपत नाही.

लोक सहसा पाहत नाहीत, पण पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे एका बाजूची लांबी. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला अठरा ते बावीस मिनिटं सुखाने मावतात. कंपनीने पैसे वाचवायला अठ्ठावीस मिनिटं कोंबली, की खाचा एकमेकींना खेटतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि बाजू संपत येते तसा सूर फाटू लागतो. पन्नास मिनिटांचा अल्बम दोन तबकड्यांवर असेल तर किंमत वाढते, पण ती वाढ वाजवी आहे. तोच अल्बम एकाच ‘खास सोनेरी’ तबकडीवर असेल तर सोडून द्यावा.

मर्यादित आवृत्त्यांचा पोळा म्हणजे रेकॉर्ड स्टोअर डे. अमेरिकेतल्या स्वतंत्र दुकानदारांनी २००७ मध्ये ही कल्पना काढली आणि १९ एप्रिल २००८ रोजी पहिला दिवस साजरा झाला. एप्रिलातला, बहुधा तिसरा, शनिवार ठरलेला असतो. काही आठवडे आधी यादी जाहीर होते. दुकानदार मागणी नोंदवतो, पण मागितलं तेवढं मिळतंच असं नाही. ग्राहकासाठी आगाऊ राखून ठेवायचं नाही, त्या दिवशी जो आधी येईल त्याला द्यायचं, असा नियम. यादीतल्या प्रत्येक नावापुढे प्रकार लिहिलेला असतो आणि खरी माहिती तिथेच असते. ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे ही आवृत्ती फक्त या दुकानांसाठी. ‘फर्स्ट’ म्हणजे आज इथे आधी, नंतर सगळीकडे. तिसरा प्रकार अगदी थोड्या प्रतींचा किंवा एखाद्या भागापुरता. ‘फर्स्ट’साठी शिंदखेड्याहून रात्रभर प्रवास करून रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा मुंबईत रेकॉर्ड विकत घेण्याची सवयच संपली असं वाटलं होतं. पण माहीमच्या ‘द रिव्हॉल्व्हर क्लब’सारख्या दुकानांनी गेल्या काही वर्षांत ती पुन्हा लावली, आणि एप्रिलातला तो शनिवारही इकडे आणला. २०२४ मध्ये तर मुंबईत रेकॉर्ड दाबण्याचा कारखानाही पुन्हा सुरू झाला. कित्येक दशकांनी देशात असा कारखाना निघाला. तोवर भारतीय संगीताच्या नव्या एलपीही युरोपातून दाबून आणाव्या लागत.

आता मुद्दाम न केलेल्या दुर्मीळपणाकडे वळू. माझ्या दृष्टीने पैसे टाकावेत ते याच्यावर. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं जोडली आणि भैरव, ललित, मेघमल्हार असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने एलपी काढली. ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. पुढे शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ नावाचं नृत्यसंगीत त्यांतल्याच दोन यंत्रांवर उभं राहिलं, आणि हॉलंडच्या बॉम्बे कनेक्शन या छोट्या कंपनीने २०१० मध्ये सिंगांची रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. हे मुंबईत आधीच झालं होतं! रूपा बिस्वास यांच्या ‘डिस्को जॅझ’चंही असंच. तीही १९८२ ची, तीही तेव्हा पडून राहिलेली, आणि अमेरिकेच्या न्यूमेरो ग्रुपने २०१९ मध्ये पुन्हा काढलेली. एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्याने साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर दाबली, कारण इकडे चावीचे ग्रामोफोन अजून वापरात होते. आज परदेशी संग्राहक त्या तबकड्यांसाठी मोठ्या रकमा मोजतात. यांतल्या एकाही तबकडीवर ‘मर्यादित’ असं स्टिकर नव्हतं.

अशा संगीताची नवी आवृत्ती दुकानात दिसली तर ती घ्यावी. मूळ प्रतीच्या मागे लागू नये. मूळ प्रत संग्राहकाची, नवी प्रत ऐकणाऱ्याची. फक्त ती अधिकृत आहे का ते पाहावं. हक्क कोणाकडून घेतले, टेप कुठून मिळाली, कलावंताला किंवा त्याच्या घरच्यांना पैसे पोचले का, हे प्रामाणिक कंपनी सोबतच्या पुस्तिकेत लिहिते. सीडीवरून किंवा यूट्यूबवरून उचलून कोरलेल्या चोरट्या एलपीही बाजारात आहेत. त्यांच्यावर कंपनीचा पत्ता नसतो आणि साल मात्र जुनंच छापलेलं असतं.

प्रत ओळखण्याची जागा तबकडीवरच असते. शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा राहतो, त्यात मॅट्रिक्स क्रमांक आणि कधी कटिंग करणाऱ्याची आद्याक्षरं कोरलेली असतात. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बमची रॉबर्ट लुडविग यांनी कोरलेली प्रत संग्राहक ‘आरएल’ या दोन अक्षरांवरूनच ओळखतात. दुकानदाराला बिनदिक्कत सांगावं, ‘दादा, आतल्या पट्ट्यावर काय कोरलंय त्याचा जरा फोटो काढून पाठवा ना.’ खरा दुकानदार या मागणीने खूश होतो. तो क्रमांक डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर टाकला की प्रत कोणत्या कारखान्यातली ते कळतं, आणि पूर्वी ती किती भावाला गेली तेही. तिथे लोकांनी मागितलेल्या किमतीकडे पाहू नये, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती पाहाव्यात. दोन्हींत कधी कधी दुपटीचा फरक असतो.

आपल्या भागातल्या माणसाने मराठीकडे पाठ फिरवू नये. तापीपलीकडचं थाळनेर हे लता मंगेशकरांचं आजोळ, शिंदखेड्याहून फार लांब नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कविता १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालीवर आल्या. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर यांनी १९७७ च्या ‘जैत रे जैत’साठी गाणी लिहिली, संगीत हृदयनाथांचं. ही गाणी जुन्या तबकड्यांवर शोधताना स्टिकरची भानगड नसते, पण दुसरी कसोटी लागते. एचएमव्हीच्या क्रमांकाची सुरुवात ‘ईसीएलपी’ अशी असेल तर ती मोनो, ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ. सुधीर फडक्यांच्या आवाजातलं गीतरामायण किंवा भीमसेनांची अभंगवाणी घरोघर गेली. विक्रेता ‘दुर्मीळ’ म्हणाला तर नुसतं हसावं आणि स्वच्छ प्रत मिळेपर्यंत थांबावं.

जुनी प्रत हातात घेऊन उजेडात तिरकी धरावी. वरवरचे बारीक ओरखडे चालतात. नख अडकेल असा ओरखडा चालत नाही. खाचा राखाडी दिसत असतील तर जड सुईने त्या खाऊन टाकल्या आहेत. आपल्याकडे लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्यांकडच्या रेकॉर्डी बहुधा अशाच असतात, आणि लेबलवर ‘अमुक साऊंड सर्व्हिस’ असं शाईने लिहिलेलं सापडतं. वाजवून पाहता आलं तर बाजूचं शेवटचं गाणं लावावं, आणि त्यातही वरच्या सुरातली ओळ. ‘स’ आणि ‘श’ फुसफुसले की ती प्रत ठेवून द्यावी. ‘व्हीजी प्लस’, ‘निअर मिंट’ या श्रेण्या प्रत्येक विक्रेता आपापल्या नजरेने देतो, म्हणून एक पायरी खाली धरूनच भाव करावा. ७८ च्या तबकड्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. त्या लाखेच्या असतात, तेव्हा त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. या वाटेने जायचंच असेल तर १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे अंक मिळवून वाचावेत. जुन्या तबकड्यांबद्दलची इतकी बारीक माहिती एका ठिकाणी क्वचितच मिळते.

राहिला रेकॉर्ड घरी आणण्याचा प्रश्न, आणि खान्देशात तो किरकोळ नाही. रेकॉर्ड स्टोअर डे नेमका एप्रिलात येतो, आणि आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडून पुढे निघालेला असतो. मे महिन्यात धुळ्या-जळगावला पंचेचाळीस अंश ही काही बातमी राहिलेली नाही. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं आणि मऊ पडलेली तबकडी वजनाखाली वाकते. कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात किंवा उन्हात उभ्या टेंपोत आडवं पडलेलं पार्सल म्हणजे थाळी होऊन येणारी रेकॉर्ड. म्हणून उन्हाळ्यातली खरेदी दुकानदाराला पैसे देऊन तिथेच ठेवायला सांगावी आणि पाऊस पडून हवा निवली की मागवावी. बहुतेक दुकानदार ऐकतात. परदेशातून थेट मागवणाऱ्याला सीमाशुल्कही भरावं लागतं आणि पार्सल कुठल्या गोदामात किती दिवस पडेल हेही हातात नसतं. चार पैसे जास्त देऊन मुंबईच्या दुकानातून घेतलेलं परवडतं.

स्वतः जाऊन आणत असाल तर तबकड्या उभ्या धरूनच न्याव्यात. गाडीत वरच्या फळीवर आडव्या टाकल्या की त्यावर दुसऱ्याची बॅग आलीच म्हणून समजा. घरी आल्यावर प्लास्टिकचं घट्ट वेष्टन काढून टाकावं. उष्णतेने ते आकसतं आणि पुठ्ठ्यासकट तबकडी वाकवतं. ‘वेष्टन काढलं की किंमत उतरते’ असं म्हणणारे आहेत, पण न ऐकता ठेवायची असेल तर मग ती घ्यायची कशाला? आतलं कागदी पाकीट बदलून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घालावं, कारण आपल्याकडची मातीची धूळ कागदाला धरून बसते आणि तबकडी आत-बाहेर करताना ओरखडते. दोन्ही बाजू एकदा पूर्ण ऐकाव्यात, त्याही पहिल्या एक-दोन दिवसांत. भोक मधोमध नसेल तर लांबवलेला सूर हेलकावे खातो. दाबताना प्लास्टिक खाचेत नीट भरलं नसेल तर ठरावीक अंतराने फाटल्यासारखा आवाज येतो. हे दोष कारखान्याचे, पुसून जाणारे नाहीत. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुकानदाराला लगेच पाठवावेत. त्यालाही वितरकाकडे ठरलेल्या मुदतीतच तक्रार करता येते, आणि पाचशेच प्रती असतील तर बदलून द्यायला दुसरी मिळेलच असं नाही. अशा वेळी पैसे परत घ्यावेत आणि त्याच संगीताची साधी काळी प्रत निघाली आहे का ते विचारावं.